धबधब्याच्या तळ्यातलं पाणी सारखं उतरतंय? तळ उकरण्याआधी हे तपासा

बंगल्याच्या बागेत दोन-तीन मीटरचं तळं, एका बाजूला मातीचा उंचवटा करून रचलेला दगडी धबधबा, तळाशी सबमर्सिबल पंप. ही रचना आता पुण्या-नाशकाकडे घरोघरी दिसते आणि तिच्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते: पाणी टिकत नाही.

लक्षणं

- रोज किंवा दिवसाआड पाणी भरूनही काठाचे दगड उघडे पडतात.
- पंप चालू असताना पातळी भराभर उतरते, बंद केला की आहे तिथे थांबते.
- पंप चालू असो वा बंद, पाणी सारख्याच वेगाने खाली जातं.
- पाणी एका ठरावीक रेषेपर्यंत उतरतं आणि मग हलत नाही.
- धबधब्याच्या कडेची माती ऐन एप्रिलात ओली असते, तिथलं गवत बाकी लॉनपेक्षा हिरवंगार असतं.
- पंप घुरघुरतो, धार तुटक पडते. पाणी पंपाच्या तोंडाशी आलं की तो हवा ओढायला लागतो.
- तळं काठोकाठ दिसतं, पण वरची टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी होते.

अशी तक्रार आली की बरेच जण आधी तळं उपसतात आणि तळाला वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारतात. खर्च होतो, मासे मरतात आणि पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा उतरतं. कारण धबधबा असलेल्या तळ्यात पाणी बहुतेक वेळा तळातून जातच नाही. ते धबधब्याच्या पायऱ्यांतून, नाहीतर काठावरून जातं. म्हणून खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या चार तपासण्यांना जवळपास काहीच खर्च नाही.

१. बॉल कॉक बंद करा

पाणी आपोआप भरण्यासाठी तळ्याला बॉल कॉक लावला असेल, तर त्याच्या मागचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. बॉल कॉक गळती झाकून ठेवतो. जेवढं पाणी जातं तेवढं तो गुपचूप भरत राहतो, आणि तो चालू असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं ठरतं. बॉल कॉक स्वतः बिघडून नीट बंद होत नसेल तर तळं काठावरून वाहत राहतं. ओल दिसते, मालकाला गळती वाटते, आणि खरं दुखणं एका वॉशरचं असतं.

२. उन्हाने किती गेलं याचा हिशोब

एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी वाफेने जातं. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या वाऱ्यात त्याहूनही जास्त. थंडीत हाच आकडा ३ ते ४ मिलिमीटरवर येतो. तळं ३ मीटर बाय २ मीटर असेल तर पृष्ठभाग ६ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की ६ लिटर गेले. उन्हाळ्यात रोजचे ५०-६० लिटर ही गळती नव्हे.

धबधबा चालू असेल तर यात भर पडते. तापलेल्या दगडांवरून पातळ पसरून वाहणारं पाणी फार लवकर उडतं. दिवसभर पंप चालत असेल तर वरच्या आकड्याच्या दीडपट धरा. मे महिन्यात दिवसाला दीड सेंटिमीटर उतरत असेल तर गप्प बसा आणि पाणी भरा. डिसेंबरात तेवढंच उतरत असेल तर मात्र कुठेतरी वाट आहे.

आकडा छोटा वाटला तरी फसू नका. दिवसाला ६० लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर, चहाच्या अर्ध्या कपाएवढं. दगडामागून एवढी धार पाझरत असेल तर ती डोळ्यांना दिसणारच नाही.

३. बादलीची चाचणी

वरचा हिशोब अंदाजाचा. तुमच्या तळ्यासाठी नेमका आकडा बादली सांगते. तळ्यात विटांच्या थरावर किंवा उथळ पायरीवर एक बादली ठेवा, हलू नये म्हणून आत दगड टाका, आणि बादलीत तळ्याचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. बादलीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा. बादलीवर धबधब्याचे तुषार उडता कामा नयेत आणि तळ्यावर जेवढं ऊन येतं तेवढंच बादलीवरही यायला हवं.

पहिले २४ तास पंप बंद ठेवा. पंप थांबला की पायऱ्यांमधलं पाणी खाली उतरून पातळी थोडी चढते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच खूण करा. घाईने केलेली खूण दुसऱ्या दिवशी हमखास चुकीचं सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुणा करून २४ तास पंप चालू ठेवा. पंप चालू केला की उलटं होतं, पायऱ्या भरेपर्यंत पातळी थोडी खाली जाते. ती स्थिरावल्यावर खूण करा. पावसाच्या दिवसांत ही चाचणी करू नका.

तळ्यात मासे असतील तर पंप बंद असताना एअर पंप चालू ठेवा. कोई किंवा गोल्डफिश दाटीने असले की उन्हाळ्यात पहाटेच्या सुमाराला पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. आणि चाचणी संपली की पंप सुरू करा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

निकाल असा वाचायचा:

पंप बंद असताना तळं आणि बादली सारखीच उतरली, चालू असताना तळं बादलीच्या दीडपटीपेक्षाही जास्त उतरलं: दोष धबधब्यात किंवा पाइपात. तळाला हात लावू नका.

दोन्ही वेळेला तळं बादलीपेक्षा सारखंच जास्त उतरलं: दोष तळ्याच्या अंगात, काठात किंवा भिंतीतून गेलेल्या पाइपाच्या सांध्यात.

बंद असताना थोडं जास्त, चालू असताना बरंच जास्त: दोन ठिकाणी गळती आहे. आधी धबधब्याची काढा, कारण ती काढल्याशिवाय दुसरीचं माप नीट मिळत नाही.

बंद असताना बादलीइतकंच, चालू असताना फार तर दीडपट: गळती नाही. पाणी ऊन नेतंय. तळ्यावर थोडी सावली करा, पृष्ठभागाचा निम्मा भाग कमळाच्या पानांनी झाका.

४. तुषार आणि काठ

पंप चालू करून दुपारच्या वाऱ्यात पाच मिनिटं धबधब्यासमोर उभे राहा. तळ्याबाहेरचे कोणते दगड ओले होतात ते बघा. काठाबाहेर शेवाळ धरलेला दगड दिसला तर तिथे रोज पाणी पडतंय. यावर उपाय सोपा आहे: धार जिथे आपटते तिथला दगड थोडा आत तिरपा करा, किंवा पंपाच्या डिलिव्हरीवर बॉल व्हॉल्व्ह बसवून प्रवाह कमी करा. धबधब्याच्या कडेच्या दर सेंटिमीटर रुंदीला तासाला १०० ते १५० लिटर पाणी भरपूर होतं. ३० सेंटिमीटर रुंद कडेला चार-साडेचार हजार लिटरचा पंप पुरतो. हा आकडा धबधब्याच्या उंचीवर मिळायला हवा. पंपाच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. मोठा आवाज हवा म्हणून दुप्पट पंप बसवला की निम्मं पाणी बागेला जातं.

मग काठ. पाण्याच्या पातळीपेक्षा अस्तराचा, म्हणजे पाणी अडवायला तळ्यात अंथरलेल्या रबराचा किंवा प्लास्टिकच्या कागदाचा, काठ सगळीकडून ८ ते १० सेंटिमीटर वर हवा. भरावाची माती पहिल्या पावसाळ्यात दबते आणि एखाद्या जागी काठ खाली बसतो. डोळ्यांनी हे कळत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घ्या, त्यातले हवेचे बुडबुडे काढा आणि दर अर्ध्या मीटरवर काठाची उंची मोजा. धबधबा उतरतो त्याच्या दोन्ही अंगांना आधी मोजा, माती सगळ्यात जास्त तिथेच दबते.

काठाची आणखी एक खोड आहे. लॉन सुंदर दिसावं म्हणून थेट पाण्यापर्यंत आणलेलं असतं. गवताची मुळं, नारळाच्या काथ्याची चटई, काठावरून लोंबणारा शेवाळाचा पट्टा, हे सगळं पाणी वर ओढून बाहेरच्या मातीला देत राहतं. पातळी काठाच्या खाली असते, छिद्र कुठेच नसतं, तरी पाणी जातं. अस्तराची कड दगडामागे उभी वळवून मातीच्या वर किमान ३-४ सेंटिमीटर ठेवली आणि माती-गवताचा पाण्याशी संबंध तोडला की हे थांबतं.

काठाच्या बाहेर ताज्या मातीचा ढीग आणि बीळ दिसलं तर घूस आहे असं समजा. घूस अस्तराखालची माती पोखरते, अस्तर खचतं, काठ बसतो. कोकणात हेच काम खेकडे करतात. बीळ नुसतं मातीने बुजवून उपयोग नाही, खडी घालून ठोकून भरा.

५. धबधब्याच्या पायऱ्या

बादलीच्या चाचणीने बोट धबधब्याकडे दाखवलं असेल तर आधी शेवाळ काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये केसाळ शेवाळ पायऱ्यांवर इतकं वाढतं की पाण्याला बांध पडतो, पातळी पायरीतच चढते आणि पाणी कडेने बाहेर जातं. हाताने ओढून काढा. ब्लीचिंग पावडर टाकू नका, खालचे मासे जातील. निम्म्या वेळा काम इथेच मिटतं.

नाही मिटलं तर मुख्य पंप बंद करून, काडी घेऊन धबधब्याच्या दोन्ही बाजूंच्या मातीत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल टोचत जा. उन्हाळ्यात ही माती आत भुसभुशीत कोरडी हवी. काडीला चिखल लागला की गळती त्या जागेच्या वरच्या अंगाला आहे.

नेमकी पायरी शोधायला बागेच्या नळीने पाणी सोडायचं, पण खालून वर. सगळ्यात खालच्या पायरीवर मध्यम धार सोडा आणि वीस मिनिटं कडेची माती बघा. कोरडी राहिली तर एक पायरी वर जा. वरून सुरुवात केली तर सगळ्याच पायऱ्या ओल्या होतात आणि काही उमगत नाही.

पुढे आलेल्या सपाट दगडाखाली, म्हणजे जिथून धार सुटते त्या दगडाच्या पोटाकडे, वाकून बघा. पाणी दगडाच्या टोकावरून सुटण्याऐवजी पोटाला चिकटून मागे वळतं आणि दगडामागच्या फटीत शिरतं. तिथे क्षारांचा पांढरट पट्टा आणि बोटाला बुळबुळीत लागणारा हिरवा थर असतो. प्रवाह कमी असला की हे जास्त होतं. दगड टोकाकडे किंचित खाली झुकवा, किंवा पोटाला टोकापासून दोन सेंटिमीटर आत ग्राइंडरने एक आडवी खाच मारा. पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं. छज्जाच्या खालच्या अंगाला गवंडी पाणपट्टी काढतो, तेच हे.

आता मूळ दुखणं. आपल्याकडचे बरेच धबधबे मातीच्या ढिगावर दगड रचून, सांधे सिमेंटने भरून केलेले असतात आणि खाली अस्तरच नसतं. सिमेंटचा सांधा पाणी अडवतो ही समजूत चुकीची. ढीग दबतो, दगड केसभर हलतो, सांध्याला तडा जातो. त्यावर पुन्हा व्हाइट सिमेंट किंवा इपॉक्सी पुटी लावली तर एखादा मोसम निघतो. ओल्या, शेवाळलेल्या दगडाला ती धरतही नाही.

खरी दुरुस्ती एकच, पण दगडाला हात लावण्याआधी पुढच्या मुद्द्यातली पाइपाची चाचणी करून घ्या. दगडांचे फोटो काढा, खडूने नंबर टाका, दगड उतरवा. माती थोडं पाणी मारून ठोकून बसवा. त्यावर जाड सिंथेटिक फेल्ट किंवा जिओटेक्स्टाइल अंथरा. गोणपाट नको, ते कुजतं. वर अस्तराचा एकच सलग तुकडा घाला, दोन्ही कडा वाहत्या पाण्याच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर वर उचला. खालचं टोक तळ्याच्या अस्तरावरून किमान ३० सेंटिमीटर आत सोडा. वरचं अस्तर नेहमी खालच्याच्या अंगावर यायला हवं, कौलं घालतो तसं. हा थर उलटा बसला तर पाणी सांध्यातून मागे जातं आणि कुठल्याही गोंदाने ते थांबत नाही. मग दगड नंबरप्रमाणे परत ठेवा आणि फटींमध्ये काळा पॉलियुरेथेन फोम भरा. फोम पाण्याला दगडावरून जायला लावतो, पाणी अडवायचं काम अस्तराचं. उघडा फोम उन्हाने भुसभुशीत होतो, तो ओला असतानाच वर बारीक खडी दाबा.

६. पाइप

दगड हलवण्याआधी पाइप निर्दोष आहे ना, हे पाहणं शहाणपणाचं. पाइपाच्या वरच्या टोकाला आणखी एक नळी जोडा, तिचं तोंड थेट तळ्यात सोडा आणि पंप चालू करून २४ तास ठेवा. पाणी आता पायऱ्यांवरून जातच नाही. तरीही तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं तर पुरलेला पाइप गळतोय. नाही उतरलं तर पायऱ्याच गुन्हेगार.

पाइपात बहुतेक वेळा सांधा सुटलेला असतो: साधी लोखंडी होज क्लिप गंजून ढिली झालेली, किंवा हिरव्या सक्शन पाइपाला उंदराने कुरतडलेलं. दुरुस्तीत पुरलेल्या भागात सांधा ठेवूच नका, सलग एकच तुकडा टाका. क्लिप स्टेनलेस स्टीलच्या आणि प्रत्येक टोकाला दोन. चार हजार लिटरच्या पंपाला ३२ किंवा ४० मिलिमीटरचा पाइप लावा.

इथे विजेचं सांगायला हवं. तळ्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा ब्रेकर, हवाच. नसेल तर गळती राहू द्या, आधी तो बसवा.

७. तळ्याचं अंग

इथवर काही सापडलं नाही तरच तळ. पाणी भरणं थांबवा आणि उतरू द्या. ज्या रेषेवर ते थांबतं त्या रेषेवरच, सगळ्या घेराभर, छिद्र किंवा तडा शोधायचा. सिमेंटच्या तळ्यात ही रेषा बऱ्याचदा भिंतीतून जाणाऱ्या पाइपाच्या, दिव्याच्या केबलच्या किंवा ओव्हरफ्लोच्या बरोबर उंचीवर येते. पाइप आणि काँक्रीट वेगवेगळे तापतात, त्यांच्यामधली फट उघडते. मासे असतील तर खोली ३० सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, त्याआधी त्यांना टबात हलवा.

संशयाच्या जागी, पाणी अगदी स्थिर असताना, सिरिंजने थोडं दूध सोडा. छिद्र असेल तर दुधाची रेघ आत ओढली जाते. दूध चमचाभरच, जास्त पडलं तर पाणी नासतं.

सिमेंटचं तळं असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची एकेक खूण करा, मधलं अंतर मोजून तारीख लिहा. काळ्या मातीच्या जमिनीत हे फार महत्त्वाचं आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं बांधकाम दर वर्षी हलवते. तडा स्थिर असेल तर तो इंग्रजी व्ही आकारात सेंटिमीटरभर रुंद-खोल कापा, धूळ काढा, न आकसणारं पॉलिमर मॉर्टर भरा, आणि वर दोन भागांच्या सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात फायबरची जाळी दाबा. डब्यावर लिहिलेले दिवस वाळू द्या. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून पीएच खूप वर नेतो. दोन-तीनदा पाणी भरून ओता आणि पीएच साडेआठच्या खाली आल्यावरच मासे सोडा.

तडा दर मोसमात रुंदावत असेल तर कोटिंगवर पैसे घालू नका. आतून अस्तर टाकणं स्वस्त पडतं आणि टिकतं.

अस्तराच्या तळ्यात आधी अस्तर कसलं आहे ते ओळखा. ईपीडीएम रबर असेल तर जागा घासून, पूर्ण वाळवून, रबराचं प्रायमर आणि सीम टेप वापरून छिद्रापेक्षा चोहोबाजूंनी १० सेंटिमीटर मोठं ठिगळ लावा. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद असेल तर तो एचडीपीई प्लास्टिकचा असतो आणि त्याला कुठलाही बाजारी गोंद धरत नाही. ब्युटाइल टेप तात्पुरती चालेल, कायमचा जोड उष्णतेनेच होतो. निळी ताडपत्री वापरली असेल तर ठिगळाच्या भानगडीत पडू नका, उन्हाने एक छिद्र पडलं की पुढची रांगेत असतात. बदला.

दुरुस्तीनंतर भरताना नळाचं पाणी एका वेळी एकूण पाण्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका. क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात. टाकीत एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी घाला, नाहीतर अँटीक्लोर वापरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

आरसीसीबी वारंवार पडत असेल किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तपासणी तिथेच बंद. मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियन बोलवा.

तळं गच्चीवर असेल आणि खालच्या स्लॅबला ओल आली असेल तर एकही चाचणी न करता पाणी उपसा. स्लॅबच्या सळईला गंज चढायला लागला की प्रकरण तळ्यापुरतं राहत नाही.

तळं घराच्या पायापासून किंवा कंपाउंड वॉलपासून दोन मीटरच्या आत आहे आणि पाणी झपाट्याने जातंय, किंवा सिमेंटची भिंत फुगली आहे, तडा रुंदावतोय: स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जवळ वड-पिंपळ-बांबूची मुळं भिंतीत शिरली असतील तरीही.

भर पावसाळ्यात जमिनीतलं तळं पूर्ण रिकामं करू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब अस्तराला फुग्यासारखं वर उचलतो आणि रिकाम्या सिमेंटच्या हौदाला तडे पाडतो. हे काम दिवाळीनंतर काढा, तोवर पाणी भरत राहा.

एचडीपीईच्या कागदाला गरम हवेचा जोड शेततळ्यांचे कागद जोडणाऱ्यांकडूनच करून घ्या. नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात असे कारागीर मिळतात.

कोणालाही बोलावलं तरी बादलीच्या चाचणीचे दोन्ही आकडे, पाणी थांबलं ती उंची आणि तड्याच्या खुणांची तारीख त्याच्या हातात द्या. हे आकडे न बघता कोणी थेट पूर्ण तळाला कोटिंगचा दर सांगायला लागला, तर दुसऱ्याला विचारा.